विशेष गरजांच्या मांजरांचे निवारा केंद्र : दिवस कसा जातो आणि तसाच का जातो

खिडकीकाठ (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या मांजरांच्या एका निवारा केंद्रात काम करीत आहे. सध्या आमच्याकडे २३ मांजरे आहेत. त्यांपैकी चौघांचे मागचे पाय लुळे आहेत, तिघांना दिसत नाही, दोघांना ऐकू येत नाही, एकाचा तोल जन्मापासूनच गेलेला आहे, दोघांना मधुमेह आहे, आणि उरलेल्यांत मूत्रपिंडाचे रुग्ण, तीन पायांची, सगळे दात काढलेली अशी मंडळी आहेत. भेटायला येणारी माणसे दारातच हळहळतात आणि थोड्या वेळाने विचारतात की तुम्ही यांच्यासाठी दिवसभर नेमके काय करता. ‘वेळा पाळतो’ हे त्याचे खरे उत्तर आहे. पण ते ऐकून कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून हा धागा काढला.

सकाळी सहाला दार उघडल्यावर पहिली दहा मिनिटे हातात काहीही न घेता नुसते पाहायचे असते. मांजर दुखणे लपवते. ते ओरडत नाही, लंगडू लागण्याच्या कितीतरी आधी हिंडणे कमी करते, आणि बरे वाटेनासे झाले की बहुधा बसण्याची जागा बदलते. त्यामुळे कोण कुठे बसले आहे, कोण रोजच्यासारखे दाराशी आले नाही, रात्रीच्या कोणत्या वाडग्यात खाणे उरले आहे, हे टिपून घ्यायचे. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, नाकातोंडाजवळचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या मानाने डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात, आणि बेरीज १० पैकी ४ किंवा अधिक झाली की वेदनाशामकाचा विचार करतात. तिचा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला आहे. नव्या मदतनीसाला आम्ही आधी तो शिकवतो, उचलून घेणे नंतर.

यानंतर लुळ्या मांजरांची लघवी काढण्याचे काम. कण्याला इजा झालेल्या अनेक मांजरांना मूत्राशय भरल्याचे कळत नाही आणि ते स्वतः रिकामे करता येत नाही. त्यांच्यासाठी ते आपल्या हाताने, दिवसातून तीन वेळा, साधारण आठ तासांच्या अंतराने करावे लागते. मांजर उजव्या कुशीवर किंवा उभे धरायचे, एक हात छातीखाली ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे मागच्या मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी हलकेच आत न्यायची. तिथे पाण्याने भरलेल्या लहान फुग्यासारखे काहीतरी बोटांतून निसटू पाहते, तेच मूत्राशय. ते निसटू न देता, झटका न देता, शेपटीच्या दिशेने सावकाश वाढता दाब द्यायचा. दोन-चार क्षण काहीच होत नाही, मग बोटांखाली काहीतरी सैलावल्यासारखे वाटते आणि धार सुरू होते. धार थांबल्यावर बोटांत चपट्या रिकाम्या पिशवीसारखे लागले म्हणजे काम झाले. मूत्राशय टणक लागत असेल आणि बेताच्या दाबाने थेंबही येत नसेल, तर जोर वाढवायचा नाही. बोक्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते, आणि ती तुंबणे म्हणजे त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, दवाखान्यात नेण्याचे दुखणे आहे.

या कामातली माझी स्वतःची चूक इथे लिहून ठेवते. टिकली आमच्याकडे आली तेव्हा तिचे अंथरूण कायम ओले असायचे, आणि मी दोन दिवस वहीत ‘लघवी होते आहे’ असे लिहीत राहिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. मूत्राशय तट्ट फुगलेले होते. मी जी लघवी समजत होते ती काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडणारी गळती होती. साचलेल्या लघवीमुळे झालेला जंतुसंसर्ग निस्तरायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून वहीतला ‘लघवी झाली का’ हा रकाना आम्ही काढून टाकला आणि त्याजागी ‘मूत्राशय रिकामे केले : वेळ, प्रमाण, रंग, वास’ असा रकाना घातला. वास अचानक उग्र झाला किंवा रंग गढूळ दिसला, तर मांजर आजारी दिसण्याआधी वहीच ते सांगते.

सात वाजता मधुमेहींचे खाणे आणि इन्सुलिन. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. इन्सुलिन शक्यतो खाणे पोटात गेल्यावरच द्यायचे. मांजराने वाडग्याकडे पाठ फिरवली तर नेहमीचा डोस टोचून मोकळे न होता आधी डॉक्टरांना फोन करायचा, कारण साखर एकदम उतरणे हे ती एखादा दिवस चढलेली राहण्यापेक्षा फार धोक्याचे असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांपैकी दोघांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी कातडीखाली सलाईन देतो. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवली की मांजर बरेचसे शांत बसते. गार सलाईन खांद्यापाशी उतरू लागल्यावर कोणीही उठून जाईल.

साफसफाईचा क्रम ठरलेला आहे : आधी पिल्ले, मग धडधाकट, मग दीर्घ आजारी, आणि शेवटी विलगीकरणाची खोली. उलट क्रमाने एकदाही नाही. नवे मांजर किमान दोन आठवडे वेगळे राहते आणि त्या खोलीतला झाडूसुद्धा त्या खोलीबाहेर येत नाही.

आता जन्मापासून तोल नसलेल्या गोट्याविषयी, कारण येणारा प्रत्येक जण त्याच्याविषयीच विचारतो. त्याचा छोटा मेंदू, म्हणजे हालचाली आणि तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, पुरता वाढलेला नाही. आई गाभण असताना, किंवा जन्मानंतर लगेचच, पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांतल्या घातक साथीच्या आजाराच्या विषाणूची लागण झाली तर असे होते. तो झोपलेला असताना अगदी स्थिर असतो. पण वाडग्याकडे तोंड नेऊ लागला की डोके थरथरू लागते, आणि वाडगा जितका जवळ येतो तितकी थरथर वाढते. पहिल्या दिवशी त्याने नाक खाण्यात आपटले, मागे सरला, पुन्हा नेम धरला आणि वाडग्याच्या काठावर हनुवटी आदळली. मी भरवायला चमचा घेतला, तर जुन्या मदतनीस बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि जड, पसरट, छातीच्या उंचीवरचे भांडे आणून त्याच्या एका कुशीला भिंत येईल असे ठेवले. भिंतीला टेकून तो जेवला. निम्मे खाणे जमिनीवर गेले, पण जेवला तो स्वतः. ही अवस्था वाढत जात नाही, तिच्यामुळे दुखत नाही, ती दुसऱ्या मांजराला होत नाही आणि तिच्यामुळे आयुष्यही कमी होत नाही. गोट्याला लागते ते पाय रुतेल असे जाजम, कमी उंचीच्या कडांचा मोठा लिटर बॉक्स (शी-शू करण्याची पेटी), आणि उंचावर चढण्याची सोय नसलेली खोली.

आंधळ्या मांजरांना याहूनही कमी लागते, मात्र तेवढे कडकपणे लागते : वस्तू हलवायच्या नाहीत, आणि हात लावण्याआधी बोलायचे. साखरीचे दोन्ही डोळे पिल्लूपणीच्या संसर्गात गेले. ती खोलीत इतकी सरळ चालते की पाहुण्यांना पटत नाही. एकदा फरशी पुसताना पाण्याचे भांडे हातभर सरकले आणि तसेच राहिले. साखरी जुन्या जागी येऊन थांबली, मिशा पुढे करून हवा चाचपली आणि परत गेली. दुपारपर्यंत ती तीनदा तिथेच येऊन गेल्याचे दिसले तेव्हा कोठे आमच्या लक्षात आले.

बहिऱ्यांसाठी जमिनीवर हलकेच पाय आपटून मग जवळ जायचे, एवढेच. निळे डोळे आणि बहिरेपणा यांचा मेळ चार्ल्स डार्विननेही १८५९ मध्ये नोंदवला होता. फक्त अशी मांजरे झाडून सगळी बहिरी असतात असे त्याने लिहिले, ते बरोबर नव्हते. आमच्याकडची एक निळ्या डोळ्यांची पांढरी भाटी दोन खोल्यांपलीकडे डबा उघडला तरी ऐकते.

रानवारा

लेख तपशीलवार आहे आणि आपल्या कष्टांविषयी आदर आहे, तरीही एक प्रश्न मांडतो, राग नसावा. एका लुळ्या मांजरामागे रोज तासभर जात असेल, तर तेवढ्या वेळात वर्षभरात कितीतरी भटक्या मांजरांचे निर्बीजीकरण होऊ शकेल आणि पुढची कित्येक अपघातग्रस्त पिल्ले जन्मालाच येणार नाहीत. शिवाय ज्या प्राण्याला धावता येत नाही, झाडावर चढता येत नाही, त्याला जगवणे हे त्याच्यासाठी आहे की आपल्या मनाच्या समाधानासाठी?

खिडकीकाठ

राग मुळीच नाही. पहिला मुद्दा मला निम्मा मान्य आहे. निर्बीजीकरणाशिवाय अशी केंद्रे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्याचा प्रकार होईल, म्हणूनच आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मांजराचे, तब्येत साथ देत असेल तर, निर्बीजीकरण होते. पण रस्त्यावर पकडायला जाणारी माणसे आणि आमच्याकडे सकाळी येणारी माणसे सहसा वेगळी असतात. एकीकडचा तास आपोआप दुसरीकडे जमा होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत अपंगत्व आणि यातना यांची गल्लत होते असे मला वाटते. टिकली पुढच्या दोन पायांवर गुळगुळीत फरशीवरून इतक्या वेगाने जाते की तिच्यासाठी आणलेली चाकांची गाडी गेली दोन वर्षे कपाटात पडून आहे. आपल्याला धावता येत नाही याचा विचार ती करीत असल्याचे कोणतेही चिन्ह मला दिसलेले नाही. याउलट मूत्रपिंडाच्या आजाराने थकलेला आमचा एक म्हातारा बोका चारही पायांवर चालत होता, पण त्याने अंग चाटणे सोडले, मग खिडकी सोडली, मग आवडते खाणे हुंगून सोडू लागला. वहीत सलग दोन आठवडे वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त भरले तेव्हा आम्ही डॉक्टरांना बोलावून त्याला त्याच्या खिडकीतच शांतपणे जाऊ दिले. तो निर्णय आम्ही टाळत नाही. फक्त तो पायांकडे पाहून घेत नाही.

खरी नैतिक अडचण मला वेगळीकडे दिसते, ती म्हणजे नकार देण्यात. याआधी मी ज्या ठिकाणी मदतीला जात होते तिथे कोणत्याही मांजराला नाही म्हणत नसत. परिणामी लुळ्या मांजरांची लघवी दिवसातून कशीबशी एकदा काढली जायची, कातडी लघवीने लाल होऊन सोलवटायची, आणि एका हिवाळ्यात सर्दीची साथ आली तेव्हा कोण कधीपासून जेवलेले नाही हे सांगू शकेल असे कोणीही उरले नव्हते. आता आमचा हिशेब साधा आहे : सकाळच्या दीड तासात दोन माणसांच्या हातून सहा मूत्राशये नीट रिकामी होतात. म्हणून सातवे लुळे मांजर आम्ही घेत नाही. फोनवर ‘नाही’ म्हणताना जिवावर येते, आणि पलीकडून कधी शिव्याही मिळतात.

पांढरा कोट

पशुवैद्यक या नात्याने काही गोष्टींची भर घालतो.

शेपटी ओढली जाऊन किंवा वाहनाखाली सापडून शेपटीच्या बुडाशी मज्जातंतूंना इजा झालेल्या मांजरांबाबत पहिल्याच आठवड्यात निकाल देण्याची घाई करू नये. लघवीवरचा ताबा परत यायचा असेल तर तो बहुधा पहिल्या महिनाभरात येतो. तोवर मूत्राशय नियमित रिकामे ठेवले नाही, तर त्याचे स्नायू ताणून निकामी होतात आणि बरे होऊ शकणारे मांजरही कायमचे परावलंबी होते. शेपटीच्या बुडाशी चिमटा काढल्यावर जाणवत असेल, तर आशा बरीच असते.

रक्ततपासणीत एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) निघाले म्हणून मांजराला टाकून देणारे लोक अजूनही भेटतात. हा विषाणू १९८६ मध्ये सापडला. तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. त्यामुळे न भांडणाऱ्या, निर्बीजीकरण झालेल्या मांजरांच्या घरात अशी मांजरे वर्षानुवर्षे बरी राहतात. एफईएलव्हीची, म्हणजे मांजरांतल्या ल्युकेमियाच्या विषाणूची, गोष्ट मात्र वेगळी आहे. तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि आईकडून पिल्लांना होतो, आणि त्या मांजरांना वेगळेच ठेवावे लागते. सहा महिन्यांखालील पिल्लाची एफआयव्हीची चाचणी होकारार्थी आली तर ती आईकडून आलेली प्रतिपिंडे असू शकतात, तेव्हा सहा महिन्यांनंतर पुन्हा चाचणी करावी.

एफआयपी या मांजरांतल्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या, पूर्वी बहुधा जीवघेण्या ठरणाऱ्या आजाराचे नाव निघाले की पूर्वी आम्ही मालकाला खुर्ची द्यायचो. जीएस-४४१५२४ या औषधाने ही स्थिती पालटली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३१ मांजरांना ते देण्यात आले आणि त्यांतील बहुतेक वाचली. तेव्हापासून ८४ दिवसांचा उपचार रूढ झाला आहे. म्हणजे पुन्हा वेळापत्रकच : रोज, त्याच वेळी, चुकवायचे नाही.

घरगुती उपायांविषयी कडक शब्दांत लिहितो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली पिसवांची औषधे मांजराला लावू नयेत. लिलीच्या जातीतील फुलांचे परागसुद्धा मूत्रपिंडे बंद पाडतात. फिनाइलसारख्या फेनॉल असलेल्या द्रावणांनी फरशी पुसू नये; पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूसाठी आधी घाण साबणाने धुऊन, मग ५-६ टक्के तीव्रतेचे ब्लीच १ भागास ३२ भाग पाणी या प्रमाणात घेऊन, फरशी १० मिनिटे ओली ठेवावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसावी. आणि लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये; त्याच्या यकृतात चरबी साठून ते मरू शकते.

दुसरी पाळी

मी अशाच एका केंद्रात रात्रीचे काम करते. दिवसाचे वर्णन आले, रात्रीचेही थोडे येऊ द्या. आईविना आलेली पिल्ले पहिल्या दोन आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी पाजावी लागतात आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने खालची बाजू हलकेच पुसून शी-शू करवून घ्यावी लागते, कारण ती क्रिया त्यांना अजून आपणहून येत नाही. सर्वांत जास्त चुका घाईने पाजण्यात होतात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मगच दूध, कारण अंग गार असताना त्याला पचन होत नाही. आणि पाजताना त्याला माणसाच्या बाळासारखे पाठीवर न झोपवता पोटावर ठेवायचे, नाहीतर दूध फुफ्फुसात जाते. दूधही मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेलेच हवे, गाईचे चालत नाही. रोज एकाच वेळी वजन करतो. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ दिसली की मला झोप येते. काटा तसाच राहिला की येत नाही. पहाटे तीनला वजन लिहिताना माझे अक्षर इतके वाईट येते की सकाळच्या पाळीने त्यावर वेगळा तक्रार-रकाना केला आहे.

अर्धविराम

हा धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. एका केंद्रातील मागचे पाय लुळे असलेले तीन वर्षांचे मांजर दत्तक घ्यावे असे आम्हा दोघांच्या मनात आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. दिवसाचे नऊ तास घर बंद असते. डायपर घालून ठेवले तर चालेल का? घरात आधीच सात वर्षांची एक मांजरी आहे. आणि हे काम शिकायला किती दिवस लागतात?

खिडकीकाठ

नऊ तासांचे अंतर बहुतेक मांजरांना चालते. रोज बारा-बारा तास जाऊ लागले तर मी नको म्हणेन. डायपर हा साचलेल्या लघवीवरचा उपाय नाही. बाहेर आलेली लघवी तो टिपतो, मूत्राशय रिकामे करीत नाही. उलट ओला डायपर अंगाला तसाच राहिला तर कातडी भाजल्यासारखी होते. मूत्राशय नीट रिकामे केले जात असेल तर मधल्या वेळेत गळती फार थोडी होते, आणि पाण्याचा थर टिकवून न धरणारे जाड मऊ कापड अंथरले तरी भागते. शी बहुधा चालता चालता पडते. ती घट्ट असेल तर उचलणे सोपे जाते, त्यामुळे खाण्यातले बदल डॉक्टरांना विचारूनच करा. मागचे पाय आणि पोट यांवर ओरखडे, फोड, केस गेलेल्या जागा रोज उजेडात पाहा. त्याला तिथे दुखत नाही, म्हणून तो सांगणार नाही.

जुन्या मांजरीसाठी नव्याला आठवडाभर तरी वेगळ्या खोलीत ठेवा, दोघांची अंथरुणे अदलाबदल करून वास ओळखीचा होऊ द्या, आणि लिटर बॉक्स तिच्या नेहमीच्या जागेवरून हलवू नका.

शिकण्याबद्दल : केंद्रात जा आणि त्यांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने चार वेळा लघवी काढून पाहा, तीही दोघांनी. एकालाच येत असेल तर त्या एकाला ताप आला की मांजराचेही दुखणे सुरू होते. चारही वेळा जमले नाही तरी हरकत नाही, पण चार वेळा करून पाहण्याआधी घरी नेण्याचे ठरवू नका.

अर्धविराम

काल आणि आज जाऊन आलो. पहिल्या वेळी पाच मिनिटे चाचपडलो, काहीच हाताला लागले नाही, आणि मांजर मात्र माझ्या बाहीवर डोके ठेवून गुरगुरत होते. दुसऱ्या वेळी तुम्ही लिहिलेला तो निसटणारा फुगा सापडला, पण मी घाबरून दाब सोडला. आज सकाळी पत्नीच्या हातून पहिल्याच प्रयत्नात धार आली, आणि मग मलाही जमले. भांड्यात मोजून ३५ मिलिलिटर. घरी आमच्या वेळा सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा अशा बसतील. चालतील का?

खिडकीकाठ

सकाळ ते संध्याकाळ दहा तास होतात, ते थोडे जास्त आहेत. सकाळची वेळ निघण्याच्या अगदी आधी, पावणेआठला नेता आली आणि संध्याकाळी दोघांपैकी जो आधी पोहोचेल त्याने पाच वाजता केले, तर बसेल. रात्रीची साडेअकराची ठीक आहे. पहिला महिना प्रत्येक वेळचे प्रमाण लिहून ठेवा आणि आठव्या-दहाव्या दिवशी लघवीची तपासणी करून घ्या.